माल नंतर उडतो, माहिती आधी!



एअर कार्गो डिजिटल झालं, असं आपण ऐकतो. बरेच छोटे एक्स्पोर्टर म्हणतात, "ते एअरलाइन आणि फॉरवर्डर बघतील, आपला काय संबंध?" संबंध आहे, आणि तो थेट तुमच्या पैशाशी आहे.

पूर्वी एअर वे-बिल म्हणजे कागदांचा गठ्ठा. 1999 च्या माँट्रियल कराराने इलेक्ट्रॉनिक नोंदीला मान्यता दिली. भारत 2009 मध्ये त्यात आला. पुढे 1 जानेवारी 2019 पासून, जिथे कायद्याची अडचण नाही अशा मार्गांवर, आयाटाने ई-एअर वे-बिल हाच नेहमीचा करार ठरवला.

आता यातली खरी गोम बघा. कागद होता तेव्हा चूक मालाबरोबर जायची. आता ती मालाच्या आधी पोहोचते.

युरोपचंच घ्या. 1 मार्च 2023 पासून तिथे जाणाऱ्या एअर कार्गोला आयसीएस-टू प्रणाली लागू आहे. माल विमानात चढण्याआधीच त्याची माहिती युरोपियन कस्टम्सकडे जाते. शंका आली तर जास्त माहिती मागतात, मालाची तपासणी करायला सांगतात, फारच धोका वाटला तर "चढवू नका" असाही निरोप येतो.

समजा, तुम्ही कोल्हापुरी चपला फ्रँकफर्टला पाठवताय. इनव्हॉइसवर नुसतं "गुड्स" किंवा "सॅम्पल" लिहिलंत, तर पेटी मुंबईतच अडकू शकते. खरेदीदाराचा सीझन काही तुमच्यासाठी थांबत नाही! त्याऐवजी "चामड्याच्या चपला, चामड्याचा तळ" असं इंग्रजीत स्पष्ट लिहा, सोबत 6403.20 हा सहा आकडी एचएस कोड द्या. पायावरून आणि अंगठ्याभोवती पट्टे असलेल्या चामडी चपलांसाठीच तो आहे.

मग करायचं काय? तीन सवयी लावून घ्या.

एक: प्रत्येक प्रॉडक्टचं नेमकं वर्णन आणि एचएस कोड एका एक्सेल शीटमध्ये ठेवा. दर वेळी तिथूनच कॉपी करा.

दोन: खरेदीदाराचं पूर्ण नाव, पत्ता आणि युरोपातला ईओआरआय नंबर ऑर्डर घेतानाच मागून घ्या. माल पॅक झाल्यावर धावपळ नको.

तीन: एअर वे-बिल नंबर तपासा. तो 11 आकडी असतो. पहिले तीन एअरलाइनचे, उदाहरणार्थ एअर इंडियाचे 098. पुढच्या सात आकड्यांना 7 ने भागा, बाकी उरेल तोच शेवटचा आकडा. 1234567 ला भागलं तर बाकी 5, म्हणून 098-12345675. जुळलं नाही, तर कुठेतरी टायपिंग चुकलंय.

फॉरवर्डर टाइप करतो हे खरं, पण तुमच्याच इनव्हॉइसवरून. म्हणून पुढची पेटी बांधण्याआधी तुमचं शेवटचं इनव्हॉइस उघडा आणि वर्णनाची ओळ वाचा. तुमचा माल कधीच न पाहिलेल्या माणसाला त्यातून कळेल का, आत काय आहे?

उत्तर कमेंटमध्ये नक्की लिहा!