मृतांचे खांब : गैरसमज आणि वस्तुस्थिती

नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातील खापर हे गाव गुजरातच्या सीमेजवळ आहे. सीमेच्या अलीकडे ज्यांचे आडनाव वसावे, तेच पलीकडे वसावा. दक्षिण गुजरातेत वसावा, चौधरी आणि गामित समाजांत मृतांच्या स्मरणार्थ लाकडी मूर्ती आणि खांभे उभारण्याची परंपरा आहे. एबरहार्ड फिशर आणि हकु शाह यांनी या कलेची नोंद ‘वेत्रा ने खांभा’ या पुस्तकात केली. ते १९७३ मध्ये अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठाने प्रसिद्ध केले. अशा स्मारकांविषयी काही गैरसमज रूढ आहेत.

गैरसमज : खांबाखाली मृतदेह पुरलेला असतो.
वस्तुस्थिती : स्मृतिखांब म्हणजे थडगे नव्हे. अंत्यविधी आणि स्मारक हे दोन वेगळे विधी आहेत. मेळघाटातील कोरकू आदिवासींमध्ये मृतासाठी सागवानी ‘मुंडा’ उभारतात, त्यावर चंद्र-सूर्य कोरतात. त्यासाठीचा सिडोलीचा विधी मृत्यूनंतर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनीही होतो. खर्चाची तजवीज झाली की तो उरकतात.

गैरसमज : रानातले प्रत्येक कोरीव लाकूड मृताचेच असते.
वस्तुस्थिती : खांबावर आडवी बसवलेली लाकडी मगर हा मोगरादेव. तो देव आहे, पूर्वज नव्हे. फिशर आणि शाह यांनी त्याच्यावर १९७१ मध्ये स्वतंत्र पुस्तक लिहिले. वाघदेवाच्या फळीवरही वाघासोबत चंद्र-सूर्य असतात. त्यामुळे केवळ चंद्र-सूर्य पाहून स्मारक ओळखता येत नाही. ते कोणासाठी उभारले आणि तेथे कोणाचे नाव घेतले जाते, हे पाहावे लागते.

गैरसमज : घोडेस्वार कोरला म्हणजे मृत व्यक्ती योद्धा होती.
वस्तुस्थिती : वीरगळांच्या, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांच्या, बाबतीत हे बहुधा खरे असते. वीरगळावर तळाशी लढाई, मधे वीराला वर नेणाऱ्या अप्सरा आणि वरच्या टप्प्यात शिवलिंगाची पूजा असा क्रम सामान्यतः दिसतो. बोरिवलीजवळच्या एक्सर येथील वीरगळांवर तर नौकायुद्ध आहे. भिल्लांच्या स्मारकांना हा नियम लागू पडत नाही. मध्य प्रदेशातील झाबुआकडे ज्याला ‘गातला’ म्हणतात, तो दगड मुख्यतः अपघाती किंवा अकाली मृत्यू आलेल्यांसाठी उभारतात. हयातीत कधी घोडा न पाळलेला माणूसही त्या दगडावर घोडेस्वार होतो. घोडा येथे मानाची खूण असतो.

गैरसमज : ही कला फक्त आदिवासींची आहे.
वस्तुस्थिती : महाराष्ट्रात गावोगावी देवळाच्या आवारात वीरगळ आणि सतीशिळा आढळतात. कोपरात दुमडलेला, बांगड्या भरलेला हात ही सतीशिळेची खूण. गुजरातेत हाच प्रकार ‘पाळिया’ या नावाने ओळखला जातो. फरक एवढाच, की बहुतेक वीरगळ जुन्या काळातले आहेत, तर भिल्लांचे गातले आजही घडवले जातात. त्यांवर भडक ऑइलपेंट चढतो आणि स्वाराच्या मनगटावर घड्याळही दिसते.

गैरसमज : मेक्सिकोतील मृतांचा सण आणि ही परंपरा एकच आहे.
वस्तुस्थिती : मृतांचा मान राखणे हा हेतू समान आहे, रीत वेगळी. मेक्सिकोत १ आणि २ नोव्हेंबरला घराघरांत वेदी मांडतात. त्यावर छायाचित्रे, अन्न, कातरकामाचा कागद आणि झेंडूची फुले असतात. सण सरला की वेदी उतरवतात. खांब मात्र एकदा उभारला की लाकूड कुजेपर्यंत किंवा दगड झिजेपर्यंत राहतो. सांगाड्यांची चित्रे ही मेक्सिकोची ओळख. खांबांवर सांगाडे नसतात. मेक्सिकोतील प्रसिद्ध ‘कात्रिना’ ही नटलेली सांगाडा-स्त्री होसे ग्वादालुपे पोसादा (१८५२–१९१३) यांच्या व्यंगचित्रातून आली. तेथील वेदीवर असतो तो झेंडू मूळचा मेक्सिकोचाच. आपल्याकडे दसऱ्याचे तोरण त्याच फुलाचे असते.