रातांब्याचे रोप की कलम?



वाडीवर रातांबे लावण्यासाठी तुम्ही देणगी देता, तेव्हा पुष्कळजण मला विचारतात : रोप स्वस्त मिळत असताना आपण महाग कलमे का घेता? त्याचे उत्तर या झाडाच्या स्वभावातच आहे.

रातांबा, म्हणजेच कोकम, हे मूळचे पश्चिम घाटाचे झाड. कोकण, गोवा आणि त्याच्या दक्षिणेकडील सदाहरित रानांत ते आपोआप वाढते. एप्रिल-मे महिन्यांत फळे पिकून लालभडक होतात. सालीचे आमसूल होते, रसात मीठ घालून आगळ करतात आणि बियांतून निघणारे घट्ट तेल टाचांच्या भेगांवर लावतात. शेतात काम नसते त्याच दिवसांत हे फळ हाती येते, म्हणून वाडीवरच्या बायांना त्याचा मोठा आधार असतो.

अडचण अशी की रातांब्यात बहुधा नर झाड वेगळे आणि मादी झाड वेगळे असते. फळ फक्त मादीला धरते. बी रुजवून केलेले रोप नर की मादी, हे फुले आल्यावरच कळते आणि त्याला सात-आठ वर्षे लागतात. रोपांतली साधारण निम्मी नर निघतात. ज्या घराकडे पाच-सहा झाडांपुरतीच जागा आहे, त्या घराने इतकी वर्षे राखण करायची आणि शेवटी फळच नाही, हे त्यांना परवडणारे नाही.

कलमात ही शंका उरत नाही. भरपूर फळ देणाऱ्या मादी झाडाची उभी वाढणारी फांदी रोपावर बांधतात. आडवी फांदी घेतली तर झाड पसरट होते, म्हणून कलम घेताना मी हे आवर्जून विचारतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण अमृता’ ही जात याच कामासाठी दिली आहे. कलमाला फळ रोपापेक्षा लवकर येते.

मात्र रानातले नर झाड निरुपयोगी म्हणून तोडू नये, हेही आम्ही वाडीवर सांगतो. परागकण त्याच्याकडूनच येतात. म्हणून लागवडीतही थोडी नर झाडे ठेवतो.

कलम पावसाच्या सुरुवातीला लावतात, पण पहिले दोन उन्हाळे त्याला पाणी लागते. म्हणून तुमच्या देणगीतला काही भाग कलमांवर आणि काही पाण्याच्या सोयीवर खर्च होतो. कलम जगले तरच त्या घराला फळ मिळेल.