टिंडर, बंबल, हिंज की आइल? डेटिंग ॲप निवडताना आधी काय पाहायचं

प्ले स्टोअरवर 'डेटिंग' असं टाइप केलं की नावांची रांगच लागते. प्रत्येकाच्या जाहिरातीत हसरं जोडपं आणि प्रत्येक ॲप डाउनलोड करायला फुकट. मग मित्र म्हणतो म्हणून एक घेतलं जातं, दोन आठवड्यांत कंटाळून दुसरं, आणि तिसऱ्यावर थेट सहा महिन्यांचा प्लॅन. शेवटी तक्रार एकच, 'या ॲप्सवर खरं कुणी भेटतच नाही.'

पण ही ॲप्स सारखी नाहीत. पहिला मेसेज कुणी करायचा, तुम्हाला कोण दिसणार आणि पैसे कशाचे मोजायचे, याचे नियम प्रत्येकाचे वेगळे आहेत. ते नियम तुमच्या गरजेशी जुळतात का, हे आधी पाहिलं तर वेळ, पैसा आणि मनस्ताप तिन्ही वाचतात.

कोणतं ॲप कसं चालतं?

टिंडर : २०१२ मध्ये आलेलं हे ॲप. फोटो आवडला तर उजवीकडे सरकवायचा, नाही तर डावीकडे. दोघांनीही उजवीकडे सरकवलं तरच 'मॅच' होतो आणि बोलता येतं. नाव सगळीकडे पोचलेलं असल्यामुळे लहान शहरातही इथे प्रोफाइल्स सापडण्याची शक्यता जास्त. अडचण अशी की टाइमपास करणारे आणि लग्नाचा विचार करणारे एकाच रांगेत उभे असतात. म्हणून फोटोखाली 'काय शोधतोय' हे लिहिलेलं असेल तर ते आधी वाचा.

बंबल : टिंडरच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या व्हिटनी वुल्फ हर्ड यांनी ते २०१४ मध्ये सुरू केलं. स्त्री-पुरुष मॅचमध्ये पहिला मेसेज महिलेनेच करायचा, तोही २४ तासांत, ही त्याची ओळख. २०२४ पासून महिलांना एक प्रश्न आधीच लिहून ठेवता येतो आणि मॅच झालेल्या पुरुषाने त्याला उत्तर द्यायचं. अनोळखी मेसेजच्या माऱ्याला कंटाळलेल्या मुलींना हे बरं पडतं. मुलांना मात्र इथे धीर धरावा लागतो.

हिंज : इथे फोटो सरकवणं नाही. प्रत्येकाने काही प्रश्नांची उत्तरं लिहायची आणि समोरच्याने एखाद्या फोटोला किंवा उत्तरालाच लाइक करायचं, हवं तर कमेंटसह. त्यामुळे बोलायला विषय आपोआप मिळतो. फुकटात दिवसाला ठरावीकच लाइक्स मिळतात. 'तुमच्याशी सर्वाधिक जुळणारी व्यक्ती' सुचवण्यासाठी हिंजने गेल-शॅपली पद्धतीचा आधार घेतला आहे. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅपली यांनी १९६२ मध्ये मांडलेलं हे जोड्या लावण्याचं गणित आहे. शॅपली यांना पुढे २०१२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. सोप्या भाषेत सांगायचं तर, तुम्हाला कोण आवडेल एवढंच पाहायचं नाही, त्या व्यक्तीला तुम्ही आवडाल का हेही पाहायचं.

ओकेक्युपिड : २००४ पासून चालू. राजकारण, धर्म, मुलं हवीत की नकोत अशा प्रश्नांची उत्तरं द्यायची आणि किती टक्के जुळतं ते पाहायचं. विचार जुळणं महत्त्वाचं वाटणाऱ्यांसाठी.

आइल आणि ट्रूलीमॅडली : दोन्ही भारतीय, दोन्ही २०१४ ची. भर गंभीर नात्यावर. जीवनसाथी डॉट कॉम चालवणाऱ्या इन्फो एज कंपनीने २०२२ मध्ये आइलमध्ये मोठा हिस्सा घेतला. डेटिंग ॲप आणि विवाहस्थळ यांच्या मधली ही जागा आहे.

ग्राइंडर : २००९ मध्ये आलेलं हे ॲप प्रामुख्याने गे, बायसेक्शुअल आणि ट्रान्स व्यक्तींसाठी आहे. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने समलैंगिक संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले, पण घरी किंवा ऑफिसात कळण्याची भीती अनेकांना आजही असते. इथे किती अंतरावर आहात ते दिसतं. ते सेटिंगमध्ये जाऊन बंद ठेवलेलं बरं.

एक गोष्ट लक्षात ठेवा. टिंडर, हिंज आणि ओकेक्युपिड ही तिन्ही मॅच ग्रुप या एकाच अमेरिकन कंपनीची आहेत. ॲप बदललं म्हणजे कंपनी बदललीच असं नाही.

स्वतःला विचारायचे तीन प्रश्न

१. मला नेमकं काय हवंय? दोन वर्षांत लग्न करायचं असेल आणि घरच्यांना पहिल्यापासून सोबत घ्यायचं असेल, तर विवाहस्थळ हाच सरळ रस्ता. लग्न करायचंय, पण आधी माणूस स्वतः ओळखायचाय, तर हिंज किंवा आइल. काहीच ठरलेलं नसेल तर टिंडर, बंबल चालेल, पण तसं प्रोफाइलमध्ये स्पष्ट लिहा. यात समोरच्याचाही वेळ वाचतो.

२. माझ्या शहरात त्यावर लोक आहेत का? मुंबई-पुण्यात चालणारं ॲप सांगली किंवा लातूरमध्ये दहा मिनिटांत रिकामं होऊ शकतं. फुकटात दोन आठवडे वापरा. अंतर ३० किलोमीटर ठेवून किती प्रोफाइल्स दिसतात, तेच तेच चेहरे परत येतात का, हे पाहा. इतर कुणाचं मत ऐकण्यापेक्षा ही चाचणी खात्रीची.

३. ओळखीच्यांनी पाहिलं तर? आतेभावाला प्रोफाइल दिसण्याची भीती अगदी खरी आहे. टिंडर आणि हिंजवर ओळखीचे फोन नंबर आधीच ब्लॉक करता येतात. मात्र त्या व्यक्तीने दुसऱ्या नंबरवरून खातं उघडलं असेल तर उपयोग नाही. माहितीच्या बाबतीत तर कुठलंच ॲप पूर्ण विश्वासाचं धरू नका. मोझिलाने २०२४ मध्ये २५ डेटिंग ॲप्स तपासली, तेव्हा २२ गोपनीयतेच्या कसोटीवर नापास झाली. कंपनीचं नाव, सोसायटी, रोजची जिम हे प्रोफाइलमध्ये टाकू नका.

पैसे भरावेत का?

पैसे भरून साधारण तीन गोष्टी मिळतात : जास्त लाइक्स, आपल्याला कुणी लाइक केलं ते पाहणं आणि काही वेळ आपलं प्रोफाइल पुढे दिसणं. प्रोफाइलच अर्धवट असेल तर ते जास्त लोकांना अर्धवटच दिसेल. म्हणून आधी फोटो आणि माहिती नीट करा.

किंमत सगळ्यांना सारखी असतेच असंही नाही. मोझिला आणि कन्झ्युमर्स इंटरनॅशनल यांनी २०२२ मध्ये भारतासह सहा देशांत पाहणी केली, तेव्हा टिंडर प्लससाठी एकाच देशातल्या लोकांना वेगवेगळे दर दाखवले जात असल्याचं दिसलं. त्यामुळे सुरुवातीला लहानात लहान मुदतीचाच प्लॅन घ्या. आणि फोनवरून ॲप काढून टाकलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद होत नाही. प्ले स्टोअर किंवा ॲपलच्या सेटिंगमध्ये जाऊन ते रद्द करावं लागतं, नाहीतर पैसे कापले जात राहतात.

निळी टिक म्हणजे खात्री नव्हे

सेल्फी व्हेरिफिकेशन एवढंच सांगतं की फोटोतला चेहरा खातेदाराचा आहे. तो अविवाहित आहे, सांगतो ती नोकरी करतो, याची हमी त्यात नाही. फसवणुकीचे तीन प्रकार सध्या वारंवार दिसतात.

पहिला, कॅफेचा. समोरची व्यक्तीच जागा सुचवते, भरमसाट ऑर्डर देते, निघून जाते आणि बिल तुमच्या गळ्यात. २०२४ मध्ये दिल्ली आणि मुंबईतल्या अशा तक्रारी बातम्यांत गाजल्या. उपाय सोपा आहे : जागा तुम्ही सुचवा, गर्दीची निवडा आणि मेन्यूतले दर आधी पाहा.

दुसरा, गुंतवणुकीचा. काही आठवडे गोड बोलणं, मग क्रिप्टो किंवा शेअरमधला 'खात्रीचा' नफा. न भेटलेल्या माणसाने पैशाचा विषय काढला की बोलणं थांबवा.

तिसरा, व्हिडिओ कॉलचा. कॉलवर कपडे काढायला लावून रेकॉर्डिंग होतं आणि मग ते नातेवाइकांना पाठवण्याची धमकी येते. एकदा पैसे दिले की मागणी वाढतच जाते. पैसे देऊ नका, चॅट डिलीट करू नका, स्क्रीनशॉट ठेवा. १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. यात लाज तुमची नाही, गुन्हा समोरच्याचा आहे.

थोडक्यात

एका वेळी एकच ॲप घ्या, फार तर दोन. दोन आठवडे फुकट वापरून पाहा. गप्पा जुळल्या तर भेटण्याआधी एक व्हिडिओ कॉल करा आणि पहिल्या भेटीची वेळ व जागा एका मैत्रिणीला किंवा मित्राला कळवून ठेवा. ॲप फक्त ओळख करून देतं. माणूस पारखायचं काम आपल्यालाच करावं लागतं.