अतिसूक्ष्म कणांचे मापन

मिठायांवरील पांढरा थर व उन्हापासून त्वचेचे रक्षण करणारी मलमे यांत टिटॅनियम डायऑक्साइडची पूड वापरण्यात येते. तिचे काही कण १०० नॅनोमीटरहून लहान असतात. मिलिमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर होय. शेतजमिनीतील चिकणमातीच्या कणाची कमाल मर्यादा ०.००२ मिलिमीटर, हे कण त्याच्या विसाव्या भागाहूनही लहान असतात.

ही पूड आनुवंशिक द्रव्यास अपाय करणार नाही अशी खात्री देता येत नाही, असे युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२१ साली सांगितले. २०२२ साली युरोपीय संघाने खाद्यपदार्थांत तिला बंदी केली. म्हणून कणांचे मापन महत्त्वाचे ठरते.

मातीच्या पृथक्करणात ढेकळे फोडून कण सुटे करावे लागतात. तसेच येथेही करावे लागते. एरवी गुठळीच एक मोठा कण म्हणून मोजली जाते. लेसर प्रकाशाने मापन लवकर होते. परंतु मोठ्या कणांच्या प्रकाशात लहान कण झाकले जातात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कण प्रत्यक्ष मोजता येतात. मात्र त्यास वेळ व खर्च अधिक लागतो.

वजन व संख्या यांतही भेद आहे. १००० नॅनोमीटर व्यासाच्या एका गोल कणाइतके वजन भरण्यास १०० नॅनोमीटरचे एक हजार कण लागतात. वजनाने अल्प दिसणारा अंश संख्येने फार मोठा असू शकतो.

म्हणून अहवाल वाचताना कण सुटे केले होते काय, पद्धत कोणती आणि आकडा वजनाचा की संख्येचा, हे प्रथम पाहावे.