बीपी आणि साखर : एकाच मुळाचे दोन फाटे

उच्च रक्तदाब आणि मधुमेह हे शहरातल्या, बसून काम करणाऱ्या जाड माणसांचे आजार, असे आपल्या पाड्यांवर आजही मानले जाते. “आम्ही दिवसभर राबतो, आम्हाला कसला बीपी?” हा प्रश्न शिबिरात हमखास येतो. परंतु डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने २०१८ साली आदिवासींच्या आरोग्याविषयी केंद्र सरकारला अहवाल दिला. त्यात दर चार प्रौढ आदिवासींमागे एकाला उच्च रक्तदाब असल्याचे नमूद आहे.

बीपी आणि साखर हे दोन आजार पुष्कळदा एकाच घरात, एकाच माणसात आढळतात. हा योगायोग नाही.

आपण जेवलो की अन्नाची साखर होऊन ती रक्तात येते. ही साखर पेशींमध्ये पोहोचवण्यासाठी स्वादुपिंड इन्सुलिन नावाचा रस सोडते. इन्सुलिन म्हणजे पेशीच्या दाराची किल्ली. काही माणसांत हे कुलूप गंजल्यासारखे घट्ट होते. मग तेवढेच दार उघडायला स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडावे लागते. यालाच इन्सुलिन प्रतिरोध म्हणतात. या काळात रक्तातली साखर कितीतरी वर्षे ठीक दिसते. स्वादुपिंड थकले की मगच ती वाढू लागते.

पण वाढलेले इन्सुलिन तोवर गप्प बसत नाही. ते मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायला लावते. मिठाबरोबर पाणीही शरीरात राहते आणि रक्तवाहिन्यांतला दाब वाढतो. दुसरे म्हणजे, ते शरीराची ताण वाढवणारी मज्जासंस्था चेतवते, त्यामुळे हृदय जोराने काम करते. तिसरे असे की, निरोगी शरीरात इन्सुलिन रक्तवाहिन्यांना सैल व्हायलाही मदत करते. प्रतिरोध आला की ही मदत कमी पडते आणि वाहिन्या आवळलेल्या राहतात. पाइप अरुंद, पाणी जास्त आणि पंप जोरात, असे झाले तर काय होईल हे शेतकऱ्याला सांगायला नको.

प्रत्येक बीपीचे कारण हेच असते असे नाही. जास्त मीठ, तंबाखू, दारू, मूत्रपिंडाचा आजार आणि आनुवंशिकता हीदेखील कारणे आहेत. पण ज्याला बीपी आहे त्याने साखर तपासावी आणि ज्याला साखर आहे त्याने बीपी मोजावा, हे मात्र सर्वांनाच लागू आहे.

मग सडपातळ माणसाचे काय? पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बाळांचा अभ्यास केला. ती बाळे इंग्लंडमधील बाळांपेक्षा बरीच हलकी होती, पण त्यांच्या अंगात चरबीचे प्रमाण त्या मानाने कमी नव्हते. कमी होते ते स्नायू. साखर वापरणारा मोठा अवयव म्हणजे स्नायूच. म्हणून हातपाय काटकुळे आणि पोट तेवढे पुढे, अशा माणसानेही निश्चिंत राहू नये. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या वर गेली, किंवा मानेवरची कातडी काळी व जाडसर झाली, तर तपासणी करून घ्यावी. गरोदर आईचे पोषण हा पुढच्या पिढीचा बीपी-साखरेपासूनचा बचावही आहे.

घरी करण्यासारखे पुष्कळ आहे. दिवसाचे मीठ माणशी एक लहान चमचा, म्हणजे पाच ग्रॅमच्या आत ठेवावे. खारवलेली सुकी मासळी भिजवून ते पाणी फेकून द्यावे. ताटात नुसता भात वाढवण्यापेक्षा डाळ, रानभाज्या आणि अधूनमधून नाचणीची भाकरी असावी. वेफर्स, बिस्किटे आणि रंगीत गोड पेये मुलांच्या हाती कमी द्यावीत. तंबाखू, मशेरी आणि दारू सोडावी. शेतीची कामे संपल्यावरही रोज अर्धा तास भरभर चालावे. चालताना स्नायू साखर वापरतात आणि कुलूप सैल होते.

तीस वर्षांवरील प्रत्येकाची बीपी व साखरेची तपासणी उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते. बीपी १४०/९० किंवा त्याहून जास्त पुन्हा पुन्हा आला तर डॉक्टरांच्या सल्ल्याने उपचार सुरू करावेत. डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, म्हणून गोळी बंद करू नये. बीपी बहुधा काहीच न सांगता वाढतो आणि एके दिवशी लकवा मारतो. घरातला कमावता हात असा निकामी झाला की सारे घर कोलमडते.

दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा बांधकामावर जाणाऱ्या कुटुंबांना कार्यकर्त्यांनी एक गोष्ट आवर्जून सांगावी : निघण्यापूर्वी आरोग्य केंद्रातून पुरेशा गोळ्या घ्या आणि तपासणीचे कार्ड सोबत ठेवा. गोळ्या संपल्या तर कामाच्या ठिकाणच्या सरकारी दवाखान्यात ते कार्ड दाखवा. गाव सुटले तरी उपचार सुटता कामा नये.