मोटार घरबसल्या बंद करायचीय? आधी स्टार्टरची कॉइल बघा

नारायणगावात रात्रपाळीची लाईट आली की टोमॅटोला पाणी सोडायचं आणि अंधारात, बिबट्याच्या धास्तीनं, मोटार बंद करायला विहिरीवर जायचं. म्हणून मोबाईल स्टार्टर. कल्पना जुनीच, पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांचं ‘नॅनो गणेश’ साध्या बटणाच्या मोबाईलवरही चालायचं.

घेताना गंमत अशी, की सगळे ॲप बघतात, कॉइल कुणीच बघत नाही! मोबाईलवाली रिले मोटारीचा करंट तोडत नाही. तिनं फक्त काँटॅक्टरच्या कॉइलचा पुरवठा तोडायचा. आपल्या थ्री-फेज स्टार्टरात ही कॉइल बऱ्याचदा दोन फेजवर, म्हणजे ४१५ व्होल्टवर असते. स्वस्त रिलेवर मात्र २५० छापलेलं असतं. अशी रिले आतून चिकटली, तर तुम्ही घरी ‘बंद’ दाबत बसा, पाणी वाहतच राहणार.

बंद करणारा संपर्क लाल बटणाच्या सिरीजमध्ये, नेहमी जोडलेला हवा. वायर उंदरानं कुरतडली तरी मोटार थांबते. चालू राहत नाही, हे महत्त्वाचं.

‘मोटार बंद’ हा मेसेज करंट मोजून येतो की नुसता रिलेवरून, हे दुकानदाराला जरूर विचारा. दुसरा असेल तर घेऊ नका. रेंज जाते तेव्हासाठी टायमर हवाच. सिंगल फेजिंग आणि ड्राय रन संरक्षण तर हवंच हवं.

आणि विहिरीत उतरण्याआधी मोबाईलवर विसंबू नका. मेन स्विच पाडा, तिन्ही फ्यूज काढून खिशात ठेवा.