वीस पावलांवरचें अस्वल

गेल्या श्रावणांत आमच्या घरीं एक पत्र आलें आणि त्यानें सोमवारच्या उपासाच्या दिवशीं साऱ्या घराचें स्वास्थ्य हरपलें. पत्र माझ्या पुतण्याचें. तो नांदेडास वाढला, गोदावरीच्या घाटावर पोहावयास शिकला, पुढें अभियंता होऊन अमेरिकेस गेला व तेथेंच उत्तर सीमेजवळच्या एका राज्यांत स्थायिक झाला. तेथें त्यास धनुर्विद्येचा छंद लागला. त्यास कोणाची हरकत नव्हती. उलट २०२३ सालीं बर्लिन येथील जागतिक स्पर्धेंत साताऱ्याची अदिती स्वामी व नागपूरचा ओजस देवतळे हीं दोघें अजिंक्य ठरलीं, तेव्हां जणूं तीं सुवर्णपदकें आमच्याच घरीं आलीं अशा थाटांत आम्हीं त्यास अभिनंदन कळविलें होतें. परंतु या पत्रांत त्यानें लिहिलें होतें : "काका, येत्या सप्टेंबरांत मी प्रथमच काळ्या अस्वलाच्या शिकारीस जात आहें. परवाना मिळाला आहे. बंदूक नाहीं, केवळ धनुष्यबाण. आईस सांगण्याचें धैर्य होत नाहीं. आपलें मत कळवावें."

आईस सांगण्याचें काम अर्थातच मजवर आलें. वहिनी क्षणभर स्तब्ध राहिल्या. मग म्हणाल्या, "भावजी, ज्या घरांत झुरळसुद्धां सुपलींत धरून बाहेर टाकतात, त्या घरचा हा मुलगा! आणि अस्वल म्हणजे जांबवंताचें कुळ. श्रीकृष्णाची सासुरवाडी ती!" वहिनींचा पुराणाधार बिनतोड होता. स्यमंतक मण्यापायीं कृष्ण अठ्ठावीस दिवस जांबवंताशीं झुंजला खरा. पण त्या युद्धाचा शेवट जांबवतीच्या लग्नांत झाला.

माझा स्वभाव शिक्षकाचा. मत देण्यापूर्वीं विषय समजून घ्यावा, म्हणून मीं पुतण्यास प्रश्न विचारले, मिळालें तें वाचलें, आणि किनवटच्या रानाशीं जुना परिचय होता तो पुन्हां ताजा केला. त्यांतून जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवीत आहें.

धनुष्यानें अस्वल मारण्याच्या आधुनिक छंदाचा उगम एका करुण कथेंत आहे. १९११ च्या ऑगस्ट महिन्यांत कॅलिफोर्नियांतील ओरोव्हिल या गांवीं एक उपाशी, एकाकी मनुष्य रानांतून बाहेर आला. 'याही' नांवाच्या जमातीचा तो शेवटचा ज्ञात वंशज. बाकीचे लोक गोऱ्या वसाहतवाल्यांच्या कत्तलींत व उपासमारींत नाहींसे झालेले. 'इशी' या नांवानें तो पुढें सॅन फ्रान्सिस्को येथें विद्यापीठाच्या वस्तुसंग्रहालयांत राहिला. विद्यापीठाच्या वैद्यकशाखेंत सॅक्स्टन पोप नांवाचे डॉक्टर होते. ते इशीस तपासूं लागले आणि वैद्याचे शिष्य झाले. धनुष्य कसें घडवावें, बाणास पिसें कशीं लावावीं, सावजाकडे वारा तोंडावर घेऊन कसें जावें, हें सारें पोप यांनीं त्याच्यापासून घेतलें. १९१६ सालीं इशी क्षयानें वारला. १९२० सालीं पोप व त्यांचे स्नेही आर्थर यंग यांनीं यलोस्टोन येथें एका संग्रहालयासाठीं ग्रिझली जातीचीं अस्वलें बाणांनीं मारलीं, आणि १९२३ सालीं पोप यांचें धनुष्याच्या शिकारीवरील पुस्तक प्रसिद्ध झालें. पुढें १९६६ च्या सुमारास मिसूरी राज्यांतील हॉलिस ॲलन यांनीं कप्प्यांचें धनुष्य तयार केलें. त्यांत दोरी पूर्ण मागें आली कीं हातावरचा बराचसा भार उतरतो व नेम धरून थांबतां येतें. पुतण्याचें धनुष्य याच जातीचें आहे.

त्याच्या उत्तरांतून मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट ही कीं, बाणाची शिकार दूरची शिकार नव्हे. गोळी आघातानें मारते. बाण धारेनें मारतो. पोलादी पात्यानें आंतल्या रक्तवाहिन्या तुटतात व रक्तस्रावानें जनावर मरतें. म्हणून बाण खांद्याच्या किंचित मागें, दोन्ही फुफ्फुसांतून गेला पाहिजे. ती जागा जेमतेम एका ताटलीएवढी. तेथें लागला तर जनावर थोड्याच क्षणांत कोसळतें; वीतभर मागें लागला तर पोट फाटून तें तासन्‌तास तडफडत हिंडतें. अस्वलाच्या बाबतींत अडचण अधिक, कारण त्याचे दाट केस व कातडीखालची चरबी रक्त शोषून घेतात आणि मागावर थेंबहि सांपडेनासा होतो.

यासाठीं नवशिक्यानें वीस पावलांपलीकडे बाण सोडूं नये असें जाणते सांगतात. वीस पावलें म्हणजे आमच्या जुन्या वाड्याच्या दिंडीदरवाजापासून माजघरापर्यंतचें अंतर. तेवढ्यालाहि बाणास सेकंदाचा पांचवा भाग लागतो. दोरीचा आवाज बाणाच्या जवळ जवळ चौपट वेगानें धांवतो. तो ऐकून जनावर दचकलें तर नेमकी जागा हलते. जनावर समोर तोंड करून उभें असल्यास बाण सोडूं नये. तें आडवें किंवा किंचित पाठमोरें होऊन जवळचा पुढचा पाय पुढें पडेपर्यंत थांबावें. बरोबर पिलें नाहींत याची खात्री करून घ्यावी. मचाणावर सर्व अंगास धरणारा सुरक्षापट्टा बांधल्याशिवाय बसूं नये, कारण तेथील शिकाऱ्यांस अस्वलापेक्षां मचाणावरून पडण्याचीच भीति अधिक. बाण सुटल्यावर निदान अर्धा तास खालीं उतरूं नये. आणि प्रत्यक्ष दिसल्यावांचून, नुसत्या चाहुलीवर, बाण कधींहि सोडूं नये.

हा शेवटचा नियम वाचतांना मला शरयूचें तीर आठवलें. दशरथ शब्दवेधी होता. घागर भरण्याचा आवाज त्यास हत्ती पाणी पीत असल्याचा वाटला आणि श्रावणाच्या छातींत बाण शिरला. त्याच्या कौशल्यांत उणें नव्हतें. त्यानें पाहिलें नाहीं, एवढेंच.

आतां आपल्याकडे वळूं. आमच्या पिढीस अस्वल माहीत आहे तें बहुधा दरवेश्याचें. नांदेडच्या व लातूरच्या गल्ल्यांतून तो डमरू वाजवीत येई. अस्वलाच्या नाकांतून दोरी ओंवलेली असे, आणि लेकरांच्या ताइतासाठीं बायका त्याचा केस मागून घेत. हा खेळ कायद्यानें व प्राणिमित्र संस्थांच्या खटपटीनें २००९ च्या सुमारास देशांतून बंद पडला. अस्वल नाचत नव्हतें, नाकांतल्या दोरीच्या वेदनेनें पाय उचलीत होतें, हें आम्हांस फार उशिरां कळलें.

लातूर जिल्ह्यांत रान जवळ जवळ नाहींच, आणि नांदेडचीहि गोदाकांठची जमीन काळी, ज्वारी-कापसाची. परंतु उत्तरेस किनवट व माहूर या तालुक्यांत शिरलें कीं सागाचे डोंगर लागतात. किनवट १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यांत होतें. तेथील रान अजूनहि त्याच अंगास जोडलेलें आहे. पैनगंगेचें अभयारण्य, सहस्रकुंडाचा धबधबा, माहूरगडावरील रेणुकामातेचें ठाणें आणि दत्तशिखर हीं सारीं याच मुलुखांत. येथें गोंड, कोलाम, आंध यांची जुनी वस्ती आहे. मध्य भारतांतील अशा रानांतल्या लोकांचें धनुष्य बांबूचें आणि पुष्कळदां त्याची दोरीहि बांबूच्या चिवट पट्टीची असे. संस्कृतांत तर 'भल्ल' या एकाच शब्दाचे अस्वल व बाण असे दोन अर्थ आहेत.

आपलें अस्वलहि काळेंच, पण अमेरिकेंतल्या काळ्या अस्वलाहून त्याची जात निराळी. त्याच्या छातीवर पांढरट पिंवळसर कमान असते, नखें लांब व वांकडीं असतात, आणि वरच्या जबड्यांतले मधले दोन दांत नसतात. १७९१ सालीं जॉर्ज शॉ या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानें या खुणांवरून त्यास 'स्लॉथ' नांवाच्या मंदगति प्राण्याचा भाऊबंद ठरविलें. चूक उमगली तरी इंग्रजी नांव मात्र टिकलें. दांतांची फट निरर्थक नाहीं. वारूळ उकरून, नाकपुड्या मिटून, त्या फटींतून तें वाळवी शोषून घेतें. मोहाचीं फुलें, बोरें, जांभळें, टेंभुर्णीचीं फळें, बहाव्याच्या शेंगा आणि मध हा त्याचा बाकीचा आहार. पिलें पाठीवर बसवून हिंडण्याची रीत अस्वलांच्या सर्व जातींत हिचीच.

स्वभावांतहि मोठा भेद आहे. अमेरिकेंतलें काळें अस्वल माणसाची चाहूल लागतांच बहुधा पळतें किंवा झाडावर चढतें. आपलें अस्वल वाघ-बिबट्यांच्या शेजारीं वाढलें. झाडावर चढून बिबट्यापासून सुटका नाहीं आणि पळून वाघापासून नाहीं. म्हणून एकाएकीं गांठ पडली कीं तें उलट अंगावर येतें, आणि त्याचा पहिला घाव बहुधा माणसाच्या डोक्या-तोंडावर बसतो. नाक तीक्ष्ण, पण नजर अधू व कान बेताचे. त्यामुळें माणूस अगदीं जवळ येईपर्यंत पुष्कळदां त्यास कळतच नाहीं.

मार्च-एप्रिलांत मोह फुलतो. फुलें रात्रीं व पहांटे गळतात. तीं वेंचावयास बायामाणसें अंधारांतच टोपल्या घेऊन निघतात, आणि त्याच वेळीं त्याच झाडाखालीं अस्वलहि येतें. हिंवाळ्यांत जन्मलेलीं पिलें तेव्हां आईच्या पाठीवर असतात. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची आई अशीच पहांटे गेली असतां झुडपाआड वांकलेल्या अस्वलावर जवळ जवळ आदळली. जीव वांचला, पण एक डोळा गेला. तो मला म्हणाला, "गुरुजी, आई मुकाट्यानें गेली होती. घरांत लेकरें निजलीं होतीं, म्हणून चालतांनाहि आवाज केला नाहीं."

त्याचें हें बोलणें आणि पुतण्याचें पत्र मीं एकापुढें एक ठेवलें. शिकाऱ्याची सारी विद्या आपली चाहूल लपवून त्या वीस पावलांच्या आंत पोंचण्याची. फुलें व तेंदूपानें वेंचणारांस नेमकी उलट विद्या हवी. रानांत एकट्यानें जाऊं नये. उजाडल्यावर जावें. मोठ्यानें बोलत, काठी आपटीत जावें. खडकांच्या कपारी व दाट झुडपें टाळावीं. अस्वल दूर दिसलें तर सावकाश मागें फिरावें. धांवूं नये, कारण तें माणसाहून वेगानें धांवतें. अंगावर आलेंच तर पालथें पडून मानेमागें बोटें गुंतवावीं व तोंड जमिनीस लावून निश्चल राहावें.

कायद्याचें म्हणाल तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमान्वयें आपलें अस्वल पहिल्या अनुसूचींत आहे. बंदूक असो, फांस असो वा बाण असो, त्याच्या शिकारीस तीन ते सात वर्षें कारावास व दंड सांगितला आहे. केवळ प्राणरक्षणार्थ, सद्भावनेनें केलेला प्रतिकार गुन्हा ठरत नाहीं. अमेरिकेंत काळीं अस्वलें कित्येक लक्ष आहेत. तेथें ठराविक ऋतूंत, ठराविक परवान्यांनीं शिकार चालते. आपल्या जातीचें अस्वल जगांत उरलें आहे तें भारत, नेपाळ व श्रीलंका या देशांतच, आणि तेंहि उतरत्या संख्येनें. तेव्हां तेथील रीत येथें लागूं नाहीं आणि येथील कायदा तेथें.

मीं पुतण्यास लिहिलें : "तेथील कायदा तुला अनुमति देतो, म्हणून मी तुला गुन्हेगार म्हणणार नाहीं. या घरांत वाढलेल्या मुलानें हें करावें असें मला वाटत नाहीं, हेंहि लपवीत नाहीं. गेलासच तर जे नियम मला लिहिलेस ते अंधार पडूं लागल्यावर आणि हात भरून आल्यावरहि पाळ. जें मारशील त्यांतलें कांहीं वायां घालवूं नकोस. आणि आईस तूं स्वतः लिही." त्यानें लिहिलें. वहिनींनीं तें पत्र मला दाखविलें नाहीं, आणि मींहि मागितलें नाहीं.

नवरात्राच्या आदल्या दिवशीं त्याचें दुसरें पत्र आलें. तिसऱ्या संध्याकाळीं अस्वल आलें होतें, एकटें, मचाणापासून अठरा पावलांवर. त्यानें दोरी ओढली. अस्वल समोर तोंड करून बसलें तें बसलेंच. दंड थरथरूं लागले, उजेड सरला, शेवटीं त्यानें दोरी सोडून न देतां हळू हळू परत आणली. पुढें तो लिहितो : "मला दया आली असें लिहिलें तर आईस बरें वाटेल, पण तें खरें नाहीं. योग्य जागा दिसली नाहीं, म्हणून बाण सोडला नाहीं. तें उठून गेल्यावर मात्र मी पुष्कळ वेळ तसाच बसून राहिलों. पुढील वर्षीं जाईन कीं नाहीं, हें आज सांगतां येत नाहीं."

वहिनींनीं पत्र दोनदां वाचलें. "खोटें लिहिलें नाहीं त्यानें," एवढेंच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशीं आम्ही माहुरास गेलों. दर्शन आटोपून डोंगराच्या पायवाटेनें उतरतांना दिवस मावळूं लागला होता. वहिनी एरवीं रानांत गप्प चालतात. त्या दिवशीं त्यांनीं खड्या आवाजांत देवीची आरती म्हणावयास आरंभ केला, आणि पायथ्याशीं दिवे दिसेपर्यंत त्या थांबल्या नाहींत.